डायनामोची शिट्टी

दुरुस्त केलेला रेडिओ तपासायला हवालदारांनी कधी गाणं लावलं नाही. गाणं लबाड असतं, असं त्यांचं म्हणणं. "गाण्यात धा वाद्यं. त्यातलं एक बंद पडलं तर बाकीची नऊ सांभाळून घेत्यात. माणूस एकला बोलताना ऐकावा. घसा बसलाय का नाक चोंदलंय, समदं कळतंय."

म्हणून ते सांगली केंद्रावर बाजारभाव लागायची वाट बघत. गाडी तयार असायची, गिऱ्हाईक घाईत असायचं, पण हवालदार घड्याळाकडे बोट दाखवून त्याला माझ्या दुकानातल्या बाकावर बसवून टाकत. मग राजापुरी हळद किमान एवढी, कमाल एवढी, गूळ एवढा, बेदाणा एवढा, असं त्या निवेदकाच्या सपाट आवाजात पूर्ण होईपर्यंत ते गाडीच्या दाराच्या आतल्या अंगाला तळहात टेकवून, डोळे मिटून उभे. संपलं की म्हणत, "जावा घिऊन. बेदाणा सुदीक सुदरलाय तुमच्या गाडीत."

कराडला हायवेच्या सर्व्हिस रोडवर माझं सीट कव्हरचं दुकान आहे. शेजारचा गाळा त्यांचा. मधे एक भिंत, आणि त्या भिंतीला वायर आरपार जाईल एवढं भोक. अकरा वर्षं आम्ही असे भिंतीला भिंत लावून होतो. त्यांना नाव होतं, पण फौजेतून आलेल्या माणसाला आमच्याकडे हुद्द्यानंच ओळखतात. ते सिग्नलमध्ये होते. म्हणजे पाठीवर वायरलेस घेऊन तोफखान्याबरोबर हिंडायचं आणि पुढचा काय बोलतो ते मागच्याला सांगायचं. गाव आटपाडीकडचं. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कळप सोडून सरकारी बूट घालणारे त्या घरातले ते पहिले. ते बूट त्यांनी मग कधी सोडलेच नाहीत. दिवसभर स्टुलावर बसून सोल्डरिंग करणारा माणूस, पण बुटात तोंड दिसेल असं पॉलिश.

गाडीची मूळ वायर कापायची नाही, हा त्यांचा कायदा. हल्ली कोणीही येतो आणि डॅशबोर्डातला जुना सेट उपटून तिथं मोठा स्क्रीन बसवून मागतो. कंपनीच्या वायरिंगचे सुंदर रंगीत जुडगे कात्रीनं कापायचे, चिकटपट्टीनं बांधायचे, झालं काम. हवालदार ते करत नसत. फलटणहून एक व्यापारी आला होता. त्याला जुना सेट काढून, डिकीत भलामोठा बॉक्स बसवून हवा होता. हवालदारांनी त्याला विचारलं, "तुमच्या पोराचा कान दुखला तर औषध घालताय का कापून दुसऱ्याचा डकिवताय?" तो माणूस चिडून गेला. दिवसभर हवालदारांनी दुसरं काम घेतलं नाही. भिंतीवर ते गाड्यांच्या वायरींचे रंग लिहून ठेवत, आणि ती यादी वाचायला मजा यायची. ‘हिरवा’ असं ते लिहीत नसत. ‘कडुलिंबाचा कोवळा पाला’, ‘वाळलेली मिरची’, ‘म्हशीची जीभ’. मी एकदा हसलो तर म्हणाले, "पंचवीस वर्सं उनात ऱ्हायलेली वायर हिरवी ऱ्हाती व्हय रं? जी दिसती तीच लिवावी."

ही त्यांची तऱ्हा आम्ही सगळ्यांनी तऱ्हा म्हणूनच घेतली. दाराला तळहात टेकवून डोळे मिटणं, बाजारभावच ऐकणं, गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहणं. फौजी माणूस, शिस्तीचा, असं वाटायचं.

माझं शिवणयंत्र एका उन्हाळ्यात बिघडलं. पट्टा सैल झाला होता की काय कोण जाणे, पाय दाबला की अशी बारीक, दात शिवशिवतील अशी किंचाळी यायची की चहावालासुद्धा कप ठेवून पळायचा. नवा पट्टा येईपर्यंत चार दिवस मी तसंच रेटत होतो. शेवटच्या दिवशी हवालदार पायरीवर उभे राहून बराच वेळ यंत्राकडे बघत होते. मी पाय दाबून ठेवला होता आणि माझंच डोकं उठलं होतं. ते म्हणाले, "तुझं मशिन लय गुणाचं गड्या. दिसभर राबतंय, पर आवाज म्हनून न्हाई."

मी पाय उचलला. ते चेष्टा करत नव्हते.

त्या दिवसापासून मी बघायला लागलो. मागून ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, की हवालदार वळत ते ट्रॅक्टरची सावली पायाशी आल्यावर. जाडा आवाज त्यांना पोचत होता. बारीक आवाज त्यांच्यापुरता जगातून गेला होता. माझी बायको दुकानात येऊन काही विचारायची तर ते हसून "व्हय, व्हय" म्हणायचे. फोनवरही तेच, "व्हय, व्हय." मी कोणाला बोललो नाही. त्यांनाही नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला तुम्ही बहिरे होत चाललात हे कसं सांगायचं? आणि काम तर चाललंच होतं. आलेला सेट बोलता होऊन जात होता.

मग सांगलीच्या डॉक्टरबाई ती गाडी घेऊन आल्या.

दोन माणसांची, बसकी, टप उघडणारी, लाल रंगाची जपानी गाडी. आमच्या भागात अशी गाडी मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होतो. बाई साठीच्या पुढच्या, शांत. गाडी त्यांच्या यजमानांची. ते पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. आयुष्यभर सरकारी जीपमधून कालवे फिरले आणि रिटायर झाल्यावर कुठूनतरी ही जुनी गाडी पैदा केली. लोक हसले. ते मात्र रोज संध्याकाळी टप उघडून, रेडिओ लावून हिंडायचे. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्द तेवढा येत नव्हता.

"त्यांना गाडीत नुसतं बसवलं तरी बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "आमच्याच पोर्चमध्ये. पण रेडिओ बंद पडलाय. डाव्या हातानं बटण फिरवतात, काही लागत नाही, मग रडायला लागतात. सांगलीत सगळे म्हणतात नवीन बसवा. ह्यांना स्क्रीन कळणार नाही हो. त्यांना ते बटण फिरवायचंय."

हवालदार त्यांच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "म्याडम, ह्यो सेट मी बोलता करतो. बटन हाय तेच ऱ्हाईल."

त्या गाडीचे दोन स्पीकर दारांत होते आणि दोन चक्क सीटच्या डोक्यामागच्या उश्यांत शिवलेले. टप उघडा असताना वाऱ्यात ऐकू यावं म्हणून. त्यामुळे त्या कामात मी आलो. उश्यांची शिवण मी उसवली. आतला फोम भुकटी होऊन पडला. हवालदारांनी स्पीकर हातात घेऊन लहान मुलाची टाळू बघावी तसा त्यांचा कागद अंगठ्यानं दाबून बघितला. सेटमधले कंडेन्सर पाझरून पट्टीवर हिरवी बुरशी धरली होती. ती त्यांनी ब्रशनं धुतली, नवे बसवले, चार दिवस नुसत्या त्या एका कामाला दिले. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. भिंतीवर नवे रंग लिहिले गेले.

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा साहेबांनाही घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या गाडीतून, ड्रायव्हरच्या आधारानं. उंच माणूस, पण एका अंगानं खचलेला. आम्ही तिघांनी धरून त्यांना त्या बसक्या सीटवर उतरवलं. त्यांनी डावा हात पुढं केला आणि बटण फिरवलं. खरखर झाली, आणि बाजारभाव लागले. साहेबांचं तोंड वाकडं झालेलं होतं, पण ते हसले हे कळलं. बाईंनी पदर डोळ्याला लावला.

"इंजन चालू करा," हवालदार म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून किल्ली फिरवली. आणि निवेदकाच्या आवाजामागून एक बारीक शिट्टी उठली. ॲक्सिलरेटर दिला की ती वर चढायची, सोडला की खाली यायची. डायनामोची शिट्टी. अर्थिंग नीट लागलं नाही की ती रेडिओत शिरते. दारातल्या स्पीकरमधून आली असती तर एखाद्यानं दुर्लक्ष केलं असतं. ही दोन्ही कानांच्या मागे वाजत होती. साहेबांनी मान फिरवली. डावा हात कानावर नेला. घशातून ‘अं, अं’ असा आवाज काढायला लागले.

"शिट्टी वाजतेय," बाई म्हणाल्या.

"कसली शिट्टी?"

"बारीक. इंजिनबरोबर वाढतेय बघा."

हवालदार वाकले. साहेबांच्या डोक्याशेजारी उशीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. मला हातानं खुणावलं, रेस कर. मी केली. शिट्टी माझ्या कानातून आरपार गेली. हवालदार सरळ झाले.

"काय न्हाई म्याडम. सायबांस्नी लय दिसांनी ऐकाय मिळतंय, सवय मोडली आसंल."

"अहो, मला येतेय ऐकू."

तेव्हा ते माझ्याकडे वळले. "तू सांग रं. येतीया का शिट्टी?"

त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. मी खरं सांगेन याची खात्री होती, आणि खरं काय आहे याचीही. पायात ते चकचकीत बूट, मागे ती रंग लिहिलेली भिंत. मी म्हणालो, "नाही. मला तरी नाही येत."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रोग्यापासून नातेवाईक काहीतरी लपवतोय हे ओळखणाऱ्या डॉक्टरसारखं. "असू दे," एवढंच म्हणाल्या. साहेब अजून कानावर हात धरून होते.

बाईंनी चार-पाच दिवसांनी माझ्या फोनवर आवाज पाठवला. पोर्चमध्ये केलेलं रेकॉर्डिंग. खाली लिहिलं होतं, ‘त्यांना ऐकवाल का? हे आता गाडीत बसायला तयार नाहीत.’

मी ऐकवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. हवालदारांनी एकदोनदा विचारलं, "सांगलीवरनं काय निरोप?" मी मान हलवली. काही निरोप नाही, हे सांगायला मान पुरते.

निरोप आल्यापासून आठव्या दिवशी इंजिनियरिंग कॉलेजच्या लॅबमधले एक मास्तर आपली गाडी न्यायला आले. ते हवालदारांचे जुने गिऱ्हाईक. सीट बसवेपर्यंत माझ्याकडे टेकले होते. हवालदार चहा प्यायला नाक्यावर गेलेले बघून मी त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. एखाद्याला तरी सांगावं असं झालं होतं. मास्तर म्हणाले, "ही तर डायनामोची शिट्टी. हवालदारांच्या कामात? शक्यच नाही!" आणि त्यांच्या पिशवीत आवाजाच्या लाटा पडद्यावर दाखवणारं एक तळहाताएवढं यंत्र होतं. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी माझा फोन वायरनं त्याला जोडलासुद्धा. हवालदार परत आले तेव्हा मास्तर उत्साहानं त्यांना ते दाखवत होते. माणसाच्या आवाजाची मोठी लाट, आणि तिच्या अंगावर करवतीसारखे बारीक, दाट, एकसारखे दात.

हवालदारांनी ते यंत्र हातात घेतलं. खूप वेळ बघितलं. आवाज सुरू होता. मास्तरांना, मला, चहावाल्याला, सगळ्यांना येत होता. मास्तरांच्या हळूहळू लक्षात यायला लागलं आणि त्यांनी वायर काढून फोन माझ्याकडे दिला.

"कुटली गाडी?" हवालदारांनी विचारलं.

मी सांगितलं.

"कवा आलं ह्ये?"

"तीन-चार दिवस झाले असतील."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा वर केला आणि निरोपाखालची तारीख वाचली. तिसरं खोटं तिथंच उघडं पडलं. फोन परत देत म्हणाले, "आन् त्या दिशी? हितं? तवा बी येत हुती?"

"येत होती."

"बरं," ते म्हणाले. यंत्र मास्तरांना दिलं नाही. "चार दिस ठिवून घेतो मास्तर," म्हणाले, आणि आपल्या गाळ्यात गेले. त्या दिवशी भिंतीच्या भोकातून झाळकामाच्या राळेचा वासही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाची पिशवी घेऊन ते माझ्या दारात उभे. "सांगलीला जायाचं. उश्या उसवाय लागतील, म्हनून तू चल."

माझ्या व्हॅनमधून निघालो. पेठ नाक्याला वळलो. दोन्ही अंगाला ऊस. मी म्हणालो, "हवालदार, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." पण मी रस्त्याकडे बघून बोलत होतो, माझं तोंड त्यांना दिसत नव्हतं. ते आपल्याच नादात बोलायला लागले.

"माझ्या भावाचा फोन आलता. तीन वर्सं झाली. लय बोलत हुता. मी आपला व्हय, व्हय. पुढच्या महिन्यात गावाकडं गेलो. तर वाडगं मोकळं. नुसत्या लेंड्या. म्हनलं, मेंढरं कुटं हायत? तर भाऊ म्हनतो, तूच तर व्हय म्हनलास. चारा न्हाई, पानी न्हाई, मेंढरं इकू का म्हनून तीनदा इचारलं, तीनदा व्हय म्हनलास. आमच्या आज्ज्याच्या आज्ज्याचा कळप त्यो. मी काय बोलनार? व्हय तर म्हनलोच हुतो."

ऊस संपून वस्ती लागली. ते पुढं म्हणाले, "फौजेच्या दवाखान्यातनं कानाचं मशिन दिलंय. पेटीत हाय. कानात मशिन घालून बसलो तर माझ्याकडं रेडू कोन दील?" मग थोड्या वेळानं, "मी माझ्याशी खोटं बोलत हुतो, ती माझी चूक. पर तुझ्या कानावर मी काम करत हुतो गड्या. तू न्हाई म्हनलास की मी न्हाई समजायचो."

विश्रामबागेतल्या डॉक्टरबाईंच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती. बाईंनी मधल्या काळात वाट बघून बघून तिथल्याच एका दुकानातून नवा स्क्रीन बसवून घेतला होता. डॅशबोर्डची ती गोलसर जागा त्या चौकोनी स्क्रीनला बसेना, म्हणून दुकानवाल्यांनी प्लास्टिक कापलं होतं. वायरी पण. कापलेली टोकं चिकटपट्टीत बोळा करून कोंबलेली. साहेब एकदा त्यात बसले, त्या उजेडाला हात लावला, भलतंच काहीतरी मोठ्यानं सुरू झालं, तेव्हापासून गाडीकडे बघत नव्हते. जुना सेट बाईंनी पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. "टाकवेना," म्हणाल्या.

हवालदार पोर्चच्या फरशीवर सतरंजी टाकून बसले. सबंध दिवस. एकेक कापलेली वायर तिच्या रंगाच्या जोडीदाराला शोधून जोडायची, झाळायची, नळी चढवायची. साहेबांना बाईंनी व्हीलचेअरवर बाहेर आणून बसवलं. ते बघत होते. दुपारी हवालदारांनी सेट परत त्या तुटक्या खाचेत सरकवला, मास्तरांचं यंत्र जोडलं, मला इंजिन सुरू करायला लावलं. पडद्यावर करवतीचे दात आले. ते डॅशबोर्डाखाली घुसले, अर्थिंगची जागा बदलली. दात बारीक झाले. मग त्यांनी डोकं बाहेर काढून हाक मारली, "म्याडम, जरा बसा आत. ऐका."

मी दारातच उभा होतो. म्हणालो, "मी ऐकतो की."

"तू नको."

बाईंसमोर म्हणाले, साहेबांसमोर. आवाज चढवला नाही.

बाई बसल्या. ऐकून म्हणाल्या, "आहे अजून. थोडी." बघा, किती सोपं होतं. हवालदारांनी मान डोलावली आणि परत खाली घुसले. नवा फिल्टर लावला. "आता?" "अजून आहे. रेस केल्यावर येते." परत खाली. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. फौजेत गेलेला, पासष्टीचा माणूस, कोणा बाईच्या एका ‘आहे’वर चार-चार वेळा फरशीवर आडवा होत होता, आणि मी उसवलेली उशी मांडीवर घेऊन बसलो होतो. पाचव्या वेळी पडद्यावर निवेदकाच्या आवाजाची लाट तेवढी उरली, स्वच्छ. बाईंनी बराच वेळ ऐकलं. "गेली," म्हणाल्या. "खरंच गेली."

"खरंच?"

"हो हवालदार. असती तर सांगितलं असतं."

उश्या शिवून, कापलेल्या प्लास्टिकवर चामड्याची पट्टी मारून मी माझं काम संपवलं. साहेबांना आत बसवलं. शेजारच्या सीटवर हवालदारांना बसवा अशी खूण साहेबांनीच केली. बसक्या गाडीत ते दोघं, गुडघे वर आलेले. साहेबांनी बटण फिरवलं. बातम्या चालल्या होत्या. साहेब ऐकत राहिले, आणि हवालदार साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

परतताना ते मास्तरांचं यंत्र मांडीवर धरून बसले होते.

महिन्याभरात त्यांनी दुकान आवरलं. भिंतीवरची यादी तशीच राहिली. नवीन भाडेकरूनं तिच्यावर रंग मारला. दुरुस्तीला आलेले सेट हवालदारांनी ज्याचे त्याला परत केले, न झालेलेसुद्धा. प्रत्येकावर दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती. बिघाड कुठं आहे ते बारीक अक्षरात, आणि खाली सगळ्यांवर एकच ओळ, ‘सेट चांगला आहे. ऐकू येणाऱ्या माणसाकडून करून घ्यावा.’ जायच्या दिवशी माझ्याकडे आले, उभ्या उभ्या चहा घेतला. मी खूप काही बोललो. ते म्हणाले, "व्हय, व्हय," आणि एसटीला गेले.

सात-आठ महिने झाले असतील, बाईंचा फोन आला. साहेब गेले होते. "हवालदारांना कळवाल का?" त्या म्हणाल्या. "फोनवर सांगू नका. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. शेवटचे दोन महिने त्यांना अंथरुणातून हलवताच आलं नाही. गाडीवर खोळ घालून ठेवली होती. पण त्याआधी रोज बसायचे. तेही सांगा."

विट्यावरून आटपाडीला जाताना वाटेत ऊस संपतो आणि माळ लागतो. त्यांच्या गावी पोचलो तेव्हा ते भावाच्या डाळिंबाच्या बागेत छाटणी करत होते. पायात बूट नव्हते. चारपाच बाया पलीकडच्या ओळीत खुरपत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, खरा. कात्री खाली करून त्यांनी मोठ्या आवाजात, आता ते मोठ्यानंच बोलत होते, विचारलं, "आरं ये, ये! सांगलीचं सायब बरं हायत न्हवं?"

नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. त्यांनी परत विचारलं नसतं. आटपाडीत त्यांना दुसरं कोण सांगणार होतं? दोन घास खाऊन मी परत गेलो असतो आणि साहेब त्यांच्यापुरते त्या गाडीत बसून बातम्या ऐकत राहिले असते.

"गेले," मी म्हणालो.

"आँ? कुटं गेलं? पुन्याला? पोराकडं?"

"नाही. गेले हवालदार. वारले."

ते माझ्या ओठांकडे बघत होते, पण माझे ओठ नीट हलत नव्हते. त्यांनी कानामागे हात धरला. मी छाती भरून घेतली आणि त्या उघड्या माळावर ओरडलो, "साहेब वारले! वारले, हवालदार!"

बायांची खुरपी थांबली. एकीनं डोक्यावर पदर घेतला. लांबून त्यांच्या भावानं हाक दिली, "कोन वारलं रं?" हवालदारांना ती हाक आली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे.

"गाडीत बसत हुतं का, शेवटपातुर?"

"नाही!" मी ओरडलो. "दोन महिने नाही! त्याआधी रोज! रोज बसायचे!"

ते ‘रोज’ त्यांना पोचलं की नाही, कळलं नाही. ते हळूच खाली बसले, झाडाच्या बुडाशी, कापलेल्या फांद्यांत. शेजारची जागा हातानं साफ केली. मी बसलो. मला त्यांची माफी मागायची होती. वाटभर ती मनात जुळवत आलो होतो. पण ती हळू आवाजात म्हणण्यासारखी होती, आणि बायांदेखत, भावादेखत, ती मला ओरडून म्हणता येईना.